छतावरचा रॅक परत पाठवते आहे

तळेगाव

प्रिय वरद,

तू बाबांच्या वाढदिवसाला पाठवलेला सायकलींचा छतावरचा रॅक उद्या कुरियरने तुझ्याकडे परत निघेल. त्याची एक पकड वाकली आहे, ती तुला नाशिकला नवी मिळेल; बाकी सगळं धड आहे. तुझ्या गाडीला लाव. रॅकमध्ये खोट नव्हती आणि तुझ्या निवडीतही नव्हती, हे आधीच सांगून ठेवते, कारण तू लगेच स्वतःकडे दोष घ्यायला लागशील. आम्हाला आता दुसऱ्या प्रकारचा रॅक हवा आहे. कोणता घ्यावा यात माझे बरेच दिवस गेले, आणि या सगळ्या दिवसांत मी घाबरलेली आहे. रॅकमुळे नव्हे. तुझ्या बाबांनी यापुढे गाडी चालवावी की नाही, या प्रश्नामुळे.

मला भीती वाटते असं वाक्य तू माझ्या तोंडून कधी ऐकलं नसशील. मलाही ते लिहून झाल्यावर परकं वाटलं. व्यासपीठावर मी कुणाला भ्यायले नाही. सभेत दगड आला तेव्हा तो उचलून टेबलावर ठेवला आणि पुढचा मुद्दा घेतला. ही गोष्ट तू मित्रांना इतक्यांदा सांगितली आहेस की आता तो दगड चांगला धोंडा झाला असेल. पण त्या भीतीला समोर माणूस असतो. त्याच्याशी वाद घालता येतो. ही भीती सकाळी दूध तापवताना येते आणि तिच्याशी वाद घालायला कुणी नसतं.

सायकली गाडीवर लादून सायकल चालवायला न्यायच्या, याला माझा पहिल्यापासून विरोध होता हे तुला माहीत आहे. अजूनही आहे. तळेगावहून निघून सायकलवर औंढ्याला जाऊन परत यायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं केलं. मग सोमाटण्यापासूनचा जुना हायवे असा झाला की डंपरवाल्याला आपण रस्त्यावरचा माणूस वाटतच नाही, कडेचा कचरा वाटतो. ज्या देशात दोन चाकांना रस्ता हवा असेल तर आधी चार चाकं विकत घ्यावी लागतात, तिथे नियोजन या शब्दाला काय अर्थ उरतो, हे मी वसंत व्याख्यानमालेत सांगितलं, महापालिकेच्या परिसंवादात सांगितलं, आणि घरी तर रोजच सांगत होते. बाबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "भाषण संपलं असेल तर हवा भरू का?" शेवटी मीच हरले. एकेका सायकलचं पुढचं चाक काढून, मागची सीट पाडून, माझ्या साडीला ग्रीस लावून आम्ही जायला लागलो. ती कसरत पाहूनच तू रॅक पाठवलास.

पहिल्या रविवारी बाबांनी टेप लावून जमिनीपासून हँडलपर्यंतची उंची मोजली. औंढ्याला दत्तोबांच्या घराच्या अलीकडे रेल्वेखालून जो बोगदा जातो, त्याच्या तोंडाशी लोखंडी आडवा बसवला आहे, उंच गाड्या आत शिरू नयेत म्हणून. सायकली छतावर असताना आपण त्याच्याखालून जाऊ शकत नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. पुलावरून लांबचा वळसा घ्यायचा. दोन महिने घेतला.

पुढचं तुला त्यांनी फोनवर सांगितलंच आहे. किती रंगवून सांगितलं, मी शेजारीच होते. "तुझी आई रस्ते बांधणाऱ्यांवर बोलत होती आणि मी तिच्या बाजूने इतका होतो की तो आडवा मला सरकारी वाटला आणि मी पाडायला गेलो." तू खूप हसलास. मीही हसले. मग तू मला म्हणालास, "आई, तू उगाच गंभीर होतेस, हे कुणाचंही होतं." वरद, त्या वाक्याने मला इतकं बरं वाटलं की मी ते दोन दिवस पुरवून पुरवून वापरलं.

प्रत्यक्षात काय झालं ते लिहिते. गाडीचा वेग कमी होता. आधी आवाज आला, पत्रा फाटावा तसा, आणि मग काचेवर काहीतरी सरकलं. बाबांची हिरवी सायकल मागे ओढली गेली आणि तिचा पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला. माझी वाचली, नुसती लोंबकळत होती. शेतात भातकापणी चालली होती. दत्तोबा हातात विळा घेऊनच बांधावरून धावत आले. दत्तोबा तुला आठवत असतील. त्यांच्या खळ्यात आपण गाडी लावतो आणि त्यांच्याकडचा गूळ घातलेला चहा तुला कधी आवडला नाही. त्यांनी आणि बाबांनी मिळून सायकली उतरवल्या. बाबा आडव्याकडे मान वर करून बघत राहिले, जणू तो आज सकाळीच कुणीतरी आणून बसवला आहे.

ते सायकल खळ्याकडे ढकलत गेले तेव्हा दत्तोबा माझ्याजवळ थांबले. आधी इकडचं तिकडचं बोलले, भात बरं आलंय म्हणाले. मग म्हणाले, "बाई, एक इचारू का? रागावणार न्हाई ना? भाऊंचं बरं हाय ना समदं?" मी म्हटलं, का हो? तर म्हणाले, "मंगळवारी एकलेच आलते गाडी घिऊन. मी हितंच हुतो रस्त्याला. मलाच इचारलं, दत्तोबाचं घर कुटं म्हून. मला वाटलं, भाऊ चेष्टा करत्यात. मी बी म्हनलं, दत्तोबा कवाच मेला. तर भाऊंनी हात जोडलं बाई. आन गाडी वळवून गेलं. मी हसत हुतो, पर त्ये हसलं न्हाईत."

मी त्यांना काय सांगितलं माहीत आहे? म्हटलं, "अहो, त्यांची थट्टा अशीच असते. चेहरा हलू देत नाहीत." दत्तोबा म्हणाले, "व्हय व्हय, तसंच असंल." आम्ही दोघंही एकमेकांना खोटं बोललो आणि चहा प्यायला गेलो. खळ्यात बाबा त्यांना नावाने हाक मारत होते, नातवाच्या शाळेची चौकशी करत होते, कांडपाचा भाव विचारत होते. सगळं जागच्या जागी. मी कपातून वर बघायचंच टाळत होते. मंगळवारी ते मला म्हणाले होते की सायकलच्या ट्यूब आणायला वडगावला जातो. ट्यूब त्यांनी आणल्या होत्या. त्याच त्या दिवशी टायरमध्ये होत्या.

त्या दिवसापासून मी रॅकचा अभ्यास करते आहे. हसू नकोस. एखाद्या विषयावर बोलायचं ठरलं की मी जसं वाचते, तसंच वाचलं. छतावरचा, डिकीच्या दारावर पट्ट्यांनी बांधायचा, आणि गाडीच्या मागे खाली हूक बसवून त्यावर लावायचा, असे तीन प्रकार. कोणता कमी पेट्रोल खातो, कोणत्याने रंग खरवडला जातो, कोणत्यात डिकी उघडता येते, मला सगळं पाठ आहे. बाबांना वाटलं मी सायकलींसाठी वाचते आहे. मला एवढंच शोधायचं होतं की यातला कोणता रॅक माणसाकडून सगळ्यात कमी लक्षात ठेवण्याची अपेक्षा करतो.

आम्ही चिंचवडला एका दुकानात गेलो. दुकानाचा मालक स्वराज नावाचा तिशीतला मुलगा आहे, स्वतः सायकल चालवणारा. मी त्याला आडव्याची गोष्ट बाबांच्याच थाटात सांगितली. तो म्हणाला, "काकू, टेन्शन घेऊ नका. छतावर सायकली घेणाऱ्या प्रत्येकाने कुठे ना कुठे ठोकलेलीच असते. मी स्वतःच्या सोसायटीच्या गेटमध्ये ठोकली. बायको बाल्कनीतून दोन्ही हात हलवत होती, मला वाटलं टाटा करते आहे." बाबा हसून म्हणाले, "बघ, मी एकटा नाही." माझ्या छातीवरचं ओझं खाली उतरलं. मला वाटलं, आपण उगाच बागुलबुवा उभा केला. दत्तोबांचा काहीतरी गैरसमज झाला असेल. माणूस दमलेला असतो, उन्हात असतो.

मग स्वराजने डिकीवरचा रॅक काढला. सहा पट्ट्या, सहा हूक. म्हणाला, "काका, तुम्हीच लावून बघा, सोपं आहे." तुझ्या बाबांनी आयुष्यभर कारखान्यात दुसऱ्यांनी आवळलेले नटबोल्ट तपासले. आपल्या घरात गॅसचा सिलिंडर बदलतानाही ते आधी वरचं, मग खालचं, मग बाजूचं, असं तोंडाने म्हणत करायचे. तू लहानपणी त्यांची नक्कल करायचास. त्यांनी वरच्या दोन पट्ट्या लावल्या. देखण्या लावल्या. स्वराज म्हणाला, "वा, काका तर कसलेले दिसतात." मग त्यांनी तिसरा हूक हातात घेतला आणि थांबले. हूक तळहातावर होता आणि ते त्याच्याकडे बघत होते, बसमध्ये शेजारच्याने जरा धरा म्हणून काहीतरी हातात द्यावं आणि तो उतरून जावा, तसे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न नव्हता, वरद. विनंती होती.

मी काय केलं? मी भाषण केलं. स्वराजकडे वळले आणि मागे रॅक लावला की नंबरप्लेट झाकली जाते, मग दंड सायकलवाल्याला का, रस्त्याच्या कडेला उभा केलेला टँकर कुणाला दिसत नाही का, असं जे सुरू केलं ते दुकानातली दोन गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली. आवाज चढवला. हातवारे केले. तुझ्या आईने आयुष्यात इतकं निरर्थक आणि इतकं गरजेचं भाषण केलेलं नाही. स्वराज बिचारा मान डोलवत राहिला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. बाबांनी तो हूक हळूच पट्टीसकट खोक्यात ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "हा नको. पत्र्याला घासतो."

परत येताना गाडी त्यांनीच चालवली. दुसरं कोण चालवणार? स्त्रीने कुणावर अवलंबून राहू नये, हे मी गावोगाव सांगत फिरले आणि मला त्या सभांना तुझे बाबा गाडीतून सोडायचे. सगळ्या रस्त्यात मी उजवीकडे बघत होते. सोमाटण्याच्या चौकात त्यांनी बरोबर वळण घेतलं. सिग्नल बरोबर पाळला. एका रिक्षावाल्याला शिवीसुद्धा बरोबर ठिकाणी दिली. पण मी त्या प्रत्येक बरोबर गोष्टीची नोंद घेत होते, आणि शेजारच्या माणसाचं बरोबर असणं मोजायची वेळ आली होती.

आता जे तुला कुणीच सांगितलेलं नाही ते सांगते. स्वराज म्हणतो सगळ्यांचंच होतं, तू म्हणतोस कुणाचंही होतं. होत असेल. विसरणारा माणूस विसरतो, कारण सायकली त्याच्या डोक्यावर असतात, डोळ्यांसमोर नसतात. हे बाबांना आधीच कळलं होतं. कारखान्यात मशीन उघडलेलं असलं की त्यावर लाल पट्टी लटकवायची त्यांची पद्धत होती, पट्टी काढल्याशिवाय कुणी बटण दाबायचं नाही. तशीच लाल पुठ्ठ्याची पट्टी त्यांनी केली. सायकली वर चढवल्या की ती आतल्या आरशाला टांगायची, उतरवल्या की काढायची. त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, "वर सायकली आहेत." त्या सकाळीही त्यांनीच ती टांगली. ती आम्हा दोघांच्या मध्ये सारा रस्ता हलत होती. मी बोलत होते हे खरं. पण बोगद्याच्या वळणावर, पुलाकडे न जाता त्यांनी गाडी खाली घातली तेव्हा मी गप्प झाले, कारण त्यांनी ती पट्टी बोटाने धरून वाचली. मोठ्याने वाचली. "वर सायकली आहेत." मला वाटलं आता थांबतील. त्यांनी पट्टी सोडली, आणि गाडी तशीच पुढे नेली.

हे विसरणं नाही, वरद. याला मी काय म्हणू? मला शब्दांची कधी वाण पडली नाही, पण याला शब्द नाही माझ्याकडे. अक्षरं त्यांच्या तोंडापर्यंत आली आणि आत कुठेच पोचली नाहीत. त्या दिवशी वर दोन सायकली होत्या. उद्या पुढे शिरगावच्या देवळाला पायी निघालेली माणसं असतील. मी रात्री पडल्या पडल्या त्यांच्याही पुढे जाते, तिथपर्यंतचं तुला लिहीत नाही.

परवा सकाळी चहा घेत होतो. माझ्यासमोर तिन्ही रॅकची माहिती पसरलेली. बाबा म्हणाले, "सुनेत्रा, रॅक तूच ठरव. माझं हल्ली ठरवलेलं टिकत नाही." अगदी सहज, बिस्किटाचा डबा उघडता उघडता म्हणाले. पण ते सहज नव्हतं. त्यांनी दार उघडलं होतं, मी आत जायचंच बाकी होतं. आणि मी म्हटलं, "अरे माधव, चहा गार होतोय, घे." त्यांनी चहा घेतला. मग म्हणाले, "साखर जास्त झाली." आणि बाहेर जाऊन सायकलच्या चेनला तेल घालत बसले. ते काम त्यांनी आदल्या दिवशीही केलं होतं.

रॅक मी ठरवला आहे. मागे, खाली हुकावर बसणारा. तो सगळ्यात महाग आहे आणि मला तो सगळ्यात योग्य वाटतो. सायकल डोक्यावर उचलावी लागत नाही, पट्ट्या नाहीत, नीट बसली की खटका वाजतो, आणि गाडी चालवताना मागच्या आरशात सायकली सतत दिसतात. उंचीचा प्रश्नच नाही. मी ऑर्डर दिली आणि घटकाभर जिंकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की मी जगातला सगळ्यात सुरक्षित रॅक निवडला आणि तो ज्या गाडीला लागणार आहे ती कोण चालवणार, यावर महिनाभरात एक अक्षर बोललेली नाही.

शनिवारी स्वराज घरी येऊन रॅक बसवणार आहे. हिरव्या सायकलचा चिमटाही बदलून आला आहे. रविवारी पहाटे तुझे बाबा सायकली लावतील आणि किल्ली हातात घेऊन फाटकापाशी उभे राहतील. त्याच्या आत मला त्यांना दोन वाक्यं सांगायची आहेत. किल्ली मला दे. आणि सोमवारी पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, मी वेळ घेतली आहे. एवढंच. मी स्वयंपाकघरात तालीम केली. पहिलं वाक्य अर्धं होतं आणि मी कुठल्यातरी धोरणावर घसरते. ज्या माणसाने माझ्या प्रत्येक सभेत शेवटच्या रांगेत बसून, आवाज पोचतो आहे अशी खूण केली, त्याला हे सांगायला माझा आवाज पोचत नाही.

रॅक परत पाठवायची खरं तर काहीच घाई नव्हती. फोनवर ते शेजारी असतात. तुझे मेसेज तेच मला वाचून दाखवतात, कारण माझा चष्मा वेळेवर सापडत नाही. माझी पत्रं पोस्टात तेच टाकतात, आणि पाकिटावर तुझं नाव दिसलं की चार ओळी आपल्याही घालतात. म्हणून हे पत्र मी रॅकच्या खोक्यात, कागदाच्या घडीखाली ठेवते आहे. हे तुला बुधवारी मिळेल. शुक्रवारी रात्री निघ आणि शनिवारी सकाळी घरी ये. त्यांच्याशी तू बोलावंस म्हणून बोलावत नाही. बोलणार मीच आहे, ते काम मी कुणाला देणार नाही. त्यांच्याकडून किल्ली हिसकावून घ्यायचीही नाही. ते देतील, मी त्यांना ओळखते. रविवारी गाडी तू चालव, आपण तिघं औंढ्याला जाऊ, आणि तिथल्या रिकाम्या रस्त्यावर त्यांनी सायकल चालवली तर आपण दोघं मागून चालवू. मला फक्त तू समोरच्या खुर्चीत बसलेला हवा आहेस. मी बोलता बोलता थांबले, तर उठू नकोस, त्यांच्याकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ आणि एवढंच म्हण, "आई, पुढे बोल."

तुझीच,
आई